ओपिनेल पावसाळ्यात उघडत नाही: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

मे महिन्यात दोन बोटांनी उघडणारा लाकडी मुठीचा, घडीचा ओपिनेल चाकू जुलैत नख तुटलं तरी हलत नाही, ही नेहमीची तक्रार. दर पावसाळ्यात कुणाचा ना कुणाचा चाकू माझ्याकडे येतोच. पण "अडकलाय" एवढं म्हणून लोक चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा. म्हणून हातात पक्कड घेण्याआधी तुमचं नेमकं काय होतंय ते बघा.

लक्षणं

पातं मिटलेलं आहे आणि तसूभरही हलत नाही. ते "टक" करून एका जागी अडतंय असं वाटतं. यात लॉक लागलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पातं हलतं, पण उघडताना आणि मिटताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जोर लागतो. हे फुगलेलं लाकूड. पावसाळ्यात येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच.

उघडताना करकर आवाज येतो, सांध्यातून तपकिरी पूड किंवा तपकिरी ओल निघते. हा गंज, नाहीतर अडकलेला कचरा.

सुरुवातीला घट्ट, टोक मुठीतल्या खाचेबाहेर आलं की एकदम मोकळं. म्हणजे सांधा ठीक आहे, खाच टोकाकडे आवळली आहे किंवा पातं एका अंगाला झुकलंय.

पातं ठीक, पण लॉकचं कडं फिरत नाही. हे बहुधा कड्याखाली गेलेल्या वाळूचं काम.

आणि एक उलटी तक्रार, जी नागपूर-अकोल्याकडून ऐन उन्हाळ्यात येते: पातं खुळखुळतं. दुखणं तेच, फक्त ऋतू उलटा. त्याबद्दल शेवटी.

आत काय चाललंय

हे समजून घेतलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. ओपिनेलचा चाकू मुळात फ्रान्सच्या आल्प्समधल्या सावुआ प्रांतातला, शेतकऱ्यांसाठी बनवलेला. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो घडवला. रचना अगदी कमी भागांची: लाकडाची मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली एक खाच, पातं, मुठीच्या तोंडाशी बसवलेलं एक पक्कं धातूचं कडं, आणि कडं-लाकूड-पातं-लाकूड-कडं असा आरपार गेलेला एक रिव्हेट. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने त्यावर दुसरं, फिरणारं कडं चढवलं. तेच लॉक. त्याला व्हिरोब्लॉक म्हणतात आणि ते ६ नंबरपासून पुढच्या मापांना असतं.

मूठ बहुतेक वेळा बीचच्या लाकडाची. बीच स्वस्त, टणक आणि एकसारख्या पोताचं, पण दमट हवेत फार हलतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १८ टक्के पाणी मुरतं. ५० टक्के आर्द्रतेत हेच प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास असतं. या फरकाने बीच रेषांच्या आडव्या दिशेने २ ते ४ टक्के फुगतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

आता खरी मेख. मुठीच्या मधल्या भागात लाकूड फुगलं तर ते बाहेरच्या बाजूला फुगायला मोकळं असतं. सांध्याजवळ मात्र बाहेरून धातूचं कडं आवळून बसलेलं आहे. तिथे लाकडाला बाहेर जायला वावच नाही, मग ते आत सरकतं आणि दोन्ही बाजूंनी पात्याची मान (सांध्यातला, रिव्हेटजवळचा भाग) पकडतं. खाचेच्या दोन्ही अंगांच्या या लाकडाला मी पुढे गाल म्हणतो. ८ नंबरच्या चाकूत एकेक गाल पाव मिलिमीटर जरी आत आला तरी पातं दोन बोटांनी हलणार नाही. म्हणजे दुखणं अकरा सेंटिमीटरच्या मुठीत पसरलेलं नाही, ते तोंडाकडच्या जेमतेम दीड सेंटिमीटरमध्ये आहे. लोक अख्खी खाच घासून काढतात आणि सांधा मात्र तसाच घट्ट राहतो, तो यामुळे.

लाग्योल किंवा शेफील्डच्या जुन्या पाठ-स्प्रिंगच्या चाकूंना हा त्रास का नाही, याचंही उत्तर यातच आहे. त्यांच्यात पातं धातूच्या पट्ट्यांमध्ये फिरतं, लाकूड किंवा शिंग फक्त बाहेरून बसवलेलं असतं. ते अडकले तर कारण स्प्रिंगमधला गंज किंवा सुकलेलं ग्रीस. त्यांना पुढचं सगळं लागू करू नका.

१. कडं कुठे आहे ते बघा

फुकट तपासणी, आणि हसण्यावारी नेऊ नका. २००० सालापासूनच्या व्हिरोब्लॉकमध्ये मिटलेल्या पात्यालाही लॉक लागतं. त्याआधीचं कडं फक्त उघडं पातं अडवायचं. ज्यांनी जुना चाकू वापरलाय त्यांच्या हाताला ही सवय नसते, आणि खिशात किंवा पिशवीत कडं आपोआप थोडं फिरतं. कड्याला एक फट असते. ती फट मुठीच्या खाचेसमोर नीट आली पाहिजे, निम्मी नाही, पूर्ण. चाकू उजेडाकडे धरून बघा. फट केसभर जरी बाजूला असेल तर पात्याची पाठ तिला अडते, आणि वर सांगितलेला "टक" जाणवतो.

कडंच फिरत नसेल तर कड्याच्या कडेला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा आणि अंगठ्याने दोन्हीकडे थोडं थोडं हलवत राहा. अंगठा घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरा. पक्कड लावायची नाही. कडं चेपलं की गोल राहत नाही, आणि मग लॉक कधी लागेल कधी नाही याचा भरवसा उरत नाही.

२. ठोका

ज्या डोंगरात हा चाकू जन्मला तिथेही लाकूड फुगतं, आणि तिथल्या लोकांनी त्यावर उपायही काढलाय. त्याला कू द्यु सावोयार, म्हणजे सावुआवाल्याचा ठोका म्हणतात. कड्याची फट खाचेसमोर आणा. कड्याकडची बाजू मुठीत धरा, बोटं खाचेपासून लांब ठेवा. चाकू उलटा धरा, खाच जमिनीकडे. आता मुठीचं शेपूट, खाचेच्या बाजूचा कोपरा, लाकडी टेबलावर किंवा पाटावर एकदा ठणकून आपटा. मूठ जागच्या जागी थांबते, पातं आपल्या वजनाने पुढे जातं आणि त्याची पाठ दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावते. मिटलेल्या पात्याची धार खाचेत आत असते, बाहेर येते ती पाठ, त्यामुळे चिमटीत धरायला हरकत नाही. टोकापासून मात्र जपा.

कडप्प्याच्या ओट्यावर आपटू नका, मुठीचं टोक दबतं. आणि उलट्या बाजूने आपटलंत तर पातं आणखी आत जाऊन बसेल.

दोन-तीन ठोक्यांत काम झालं नाही तर ठोकत बसू नका. आणि चाकू असा ठोकून रोज उघडत असेल, तर खरं सांगायचं तर पावसाळ्यापुरता हाच पुरेसा इलाज आहे. पुढचं वाचायचं ते कुतूहल असेल तर, किंवा ठोकूनही उघडत नसेल तर.

एक मात्र पाळा: पातं पूर्ण उघडून कडं फिरेपर्यंत त्याने काही कापायचं नाही. "एवढं घट्ट आहे, मिटणार कुठून" असं वाटतं, पण जोर लावला की फुगलेलं लाकूड सुटायला वेळ लागत नाही.

३. वाळवा, पण सावकाश

दोष फुगण्याचाच आहे की आणखी काही, हे कळायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका (नव्या बूट-पर्ससोबत येतात त्या जपून ठेवत चला, पण आधी एकदा तव्याजवळच्या उबेत कोरड्या करून घ्या), त्यात चाकू शक्य तितका उघडून ठेवा आणि आठवडाभर विसरा. सिलिका नसेल तर वायफाय राउटरच्या डोक्यावरची ऊब चालते.

सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घरी असेल तर डब्यात टाकण्याआधी आणि नंतर वजन करा. ८ नंबरचा चाकू वाळल्यावर ग्रॅमभर हलका भरतो. वजन उतरलं आणि पातंही मोकळं झालं तर प्रश्न मिटला: दोष फक्त ओलीचा. वजन उतरलं पण पातं तितकंच घट्ट असेल तर लाकडाला दोष देऊ नका, चौथ्या तपासणीकडे वळा.

ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन, गॅसची आच यातलं काहीही नको. मुठीला बाहेरून वॉर्निश असतं आणि खाचेच्या आत लाकूड बरंचसं उघडं. वरचा थर झटकन सुकतो, गाभा ओला राहतो, आणि या ओढाताणीत मूठ कड्याजवळ उभी तडकते. ती चीर परत सांधत नाही.

४. सांधा साफ करा

ओपिनेलचं कार्बन पातं एक्ससी९० जातीच्या पोलादाचं, सुमारे ०.९ टक्के कार्बनचं. धार सुरेख लागते, गंजतंही तितक्याच हौसेने. स्टेनलेस पातं १२सी२७ पोलादाचं, ते निर्धास्त. कार्बनवर येणारा काळा-करडा थर चांगला, तो राहू द्या. लाल-तपकिरी दिसलं तर ते घालवायचं. आंबा किंवा लिंबू कापून चाकू नुसता पुसला आणि मिटून ठेवला की ओल पात्याच्या मानेशी साचते, आणि तिथे येणारा गंज डोळ्यांना दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तोही सांधा घट्ट करतो.

पातं काटकोनात उघडून धरा. दातकोरणीने सांध्यातला कचरा काढा. कणीक, खोबऱ्याचा चोथा, खिशातली लोकर, काहीही निघतं. मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडा, पातं हलवा, कापसाच्या काडीने पुसा. कापूस तपकिरी यायचा थांबेपर्यंत हेच. नंतर सगळं जादा तेल पुसून घ्या.

खायचं तेल का नको, हे लोक नेहमी विचारतात. करडई-सूर्यफुलाचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं आणि वार्निशासारखा थर धरतं. खोबरेल तेवढं चिकट होत नाही, पण पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी ते बाटलीत गोठतं तसं सांध्यातही गोठतं. शिवणयंत्राच्या तेलाचं यातलं काहीच होत नाही. पात्याने खायचे पदार्थ कापणार असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन त्याहून बरं.

५. कुठे घासतंय ते शोधा

इथपर्यंत फरक पडला नसेल तर अंदाजाने काही करू नका. वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. पातं काटकोनात उघडा आणि पट्टी पात्याची मान आणि गाल यांच्या मध्ये सरकवा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. जिथे पट्टी शिरत नाही तिथे लाकूड पात्याला भिडलंय. एकाच बाजूला शिरत नसेल तर फुगवटा एकतर्फी आहे, आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासणं ही चूक ठरेल.

टॉर्च लावून खाचेत डोकावलं तर भिडलेली जागा डोळ्यांनाही दिसते. तिथलं लाकूड घासून घासून गुळगुळीत आणि काळपट झालेलं असतं, बाकीचं फिकट. टोकाकडे असा डाग दिसला तर पातं झुकलंय का ते बघा: मिटलेला चाकू खाचेकडून बघितला तर पात्याची पाठ खाचेच्या मधोमध दिसायला हवी.

६. मेण किंवा व्हॅसलीन, तेही हिवाळ्यात

ओल लाकडात शिरायला जो वेळ लागतो तो वाढवणं, एवढंच या उपायाने साधतं. ती कायमची थांबत नाही; तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करायचं, लाकूड कोरडं असताना. ओल्या लाकडावर मेण लावलं तर आतलं पाणी आतच अडकून राहतं.

वाटीत साधं व्हॅसलीन घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करा. चाकू उघडा ठेवून सांध्यावर आणि गालांच्या आतल्या बाजूला काडीने थेंब थेंब सोडा. लाकूड पीत राहील तितकं पाजा, मग रात्रभर ठेवून पुसून घ्या. खाचेच्या उरलेल्या भागाला मधमाशांचं मेण चोळलं तरी पुरतं. जवसाचं तेलही बरेच जण वापरतात. मला ते सांध्यात आवडत नाही, कारण ते सुकून कडक होतं आणि पुन्हा पात्याला चिकटतं. बाहेरून मुठीला लावायचं तर खुशाल लावा, पण तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा, मग टाका.

साठवणीची जागाही याच वेळी बदला. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवलेला चाकू हमखास बिघडतो. चामडं ओल धरतं, त्यातली कमावण्याची द्रव्यं पात्याला खातात, आणि वरून बुरशी. म्यान वेगळं, चाकू वेगळा.

७. घासणं, आणि ते जुलैत नाही

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चाकू वाया जातात. पावसाळ्यात पातं अडकलं की माणूस चिडतो, पॉलिश पेपर घेऊन गाल घासतो, आणि लगेच पातं मस्त फिरायला लागतं. मग डिसेंबर येतो, लाकूड आक्रसतं, आणि घासून काढलेली जागा तशीच उरते. पातं डावी-उजवीकडे डुलायला लागतं. फुगलेलं लाकूड आपोआप मागे येतं, घासलेलं लाकूड परत येत नाही.

म्हणून घासायचा निर्णय कोरड्या दिवसांतच घ्या. जानेवारीतही कागदाची पट्टी शिरत नसेल तरच गाल जास्त आहेत असं समजा. अपवाद एकच: तुम्ही बारा महिने समुद्राकाठी राहता आणि चाकू कुठे कोरड्या हवेत जाणारच नाही. तरीही पावसाळ्याच्या तोंडाशी, मेमध्ये घासा, आणि अगदी थोडं.

फिरतं कडं आधी काढावं लागतं. त्याला सर्क्लिपची, म्हणजे कडं फाकवणारी, पक्कड हवी, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण कडं सुटलं की उडतं. जेमतेम निघेल इतकंच ते फाकवा. जास्त फाकलं तर परत बसवल्यावर ढिलं राहतं. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा कापा, जिथे कागद शिरत नव्हता त्याच गालावर, खरखरीत बाजू लाकडाकडे ठेवून पाच-सहा वेळा ओढा. पुसा, पातं हलवून बघा. पुन्हा पाच-सहा वेळा. पातं स्वतःच्या वजनाने पडायला लागेल इतकं मोकळं करू नका. बोटाने हलवल्यावर जिथे सोडाल तिथे थांबलं पाहिजे. घासलेल्या जागी उघडं लाकूड वर आलेलं असतं, तिथे व्हॅसलीन पाजल्याशिवाय कडं बसवू नका.

बीचऐवजी अक्रोडाच्या मुठीचा चाकू घेतला तर हा त्रास कमी होतो, कारण अक्रोड कमी हलतं.

इथे थांबा

रिव्हेटला हात लावायचा नाही. तो ठोकून दोन्ही टोकांना फुलवलेला असतो. काढायचा म्हणजे छिद्र पाडून काढायचा, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं की कडं आणि लाकूड दोन्ही गेलं. खुळखुळणारं पातं घट्ट करायला उन्हाळ्यात रिव्हेटवर हातोडी मारणारेही भेटतात. तो चाकू पुढच्या जुलैत ठोकूनसुद्धा उघडत नाही. ऐन मेमधली थोडी ढिलाई सोडून द्या, कडं फिरवून लॉक नीट लागतंय एवढं बघा.

कड्याजवळ लाकडाला उभी चीर दिसली, पातं मानेशी वाकलं असेल किंवा मानेला भेग असेल, लॉक लावूनही पातं मिटत असेल, तर चाकू वापरणं बंद. घरच्या इलाजाची ही कामं नाहीत.

चाकूला फिरतं कडंच नसेल, आणि तो लहान मापाचा नसेल, तर तो १९५५ पूर्वीचा असू शकतो. पात्यावरची मुकुटधारी हाताची खूण १९०९ पासूनची आहे, त्यामुळे नुसत्या खुणेवरून वय ठरवू नका. असा चाकू घासू नका, गंजही चोळून काढू नका. तेल लावून कोरड्या डब्यात ठेवा आणि जुने चाकू हाताळणाऱ्या माणसाला दाखवा. संग्रहात अशा चाकूची किंमत त्याच्या मूळ पृष्ठभागात असते.

साध्या बीचच्या ८ नंबरला दुरुस्तीची मजुरी नव्या चाकूइतकीच पडते, तिथे सरळ नवा घ्या. जुना आजोबांकडून आलेला असेल किंवा मूठ खास असेल, तर घडीचे चाकू हाताने बनवणाऱ्या कारागिराकडे जा. दारावर येणारा धारवाला यासाठी नाही, तो चाकावर पातं तापवून त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरवेल. लेथवाला छिद्र सरळ पाडून देईल, पण रिव्हेट किती फुलवायचा हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. कारागिराला चाकू देताना तो कोणत्या गावात वापरला जातो ते सांगा, आणि सांध्यात दोन्ही बाजूंना एकेका कागदाइतकी जागा ठेवायला सांगा. त्याच्या मनाने तो घट्टच करून देईल, कारण हातात घेतल्यावर जरा हललेलं पातं गिऱ्हाइकाला आवडत नाही.